निमगोरी आणि इतर रंग

मराठीच्या प्राध्यापिकेला कोणते छंद शोभतात, याविषयी लोकांच्या कल्पना अगदी पक्क्या आहेत. तिने जात्यावरच्या ओव्या जमवाव्यात, म्हणी गोळा कराव्यात, फार तर कुंडीत गुलाब लावावा. माझा छंद सांगितला की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहतो आणि निराश होतो. मला चेहरे रंगवण्याचा छंद आहे, पण दुसऱ्यांचे! स्वतः मी पावडर आणि टिकली यांच्या पलीकडे जात नाही. आमचे हे म्हणतात, हलवायाने आपली मिठाई खाऊ नये हेच बरे.

शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावी असला छंद थोडा विजोडच दिसतो, हे मला मान्य आहे. सिंदफणेच्या काठचे हे गाव. दसरा-दिवाळी झाली की आसपासच्या वस्त्यांतली माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि घरोघर म्हातारीकोतारी उरतात. पण गावाच्या नावातच कासार आहे, आणि कासार म्हणजे बायकांच्या हातांत बांगड्या भरणारा. तेव्हा नटण्यामुरडण्याशी आमचे नाते अगदीच नवे नाही, अशी मी आपली माझी समजूत घालून घेतलेली आहे.

सुरुवात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात झाली. एकांकिकेतल्या मुलींना मी रंग लावला आणि दिव्याखाली पाहिले, तर सगळ्याजणी राखेत लोळून आल्यासारख्या! दोष मुलींचा नव्हता, डबीचा होता. गोऱ्या कातडीसाठी केलेला रंग सावळ्या कातडीवर चढवला की त्यातला पांढरा अंश वर येतो आणि चेहरा मृतवत दिसतो. त्या रात्रीपासून मी एक दोनशेपानी वही घातली. पानावर रंगाचे बोट ओढायचे, खाली तो कोणत्या कातडीवर बसला आणि किती वेळ टिकला ते लिहायचे. रंग मनगटावर लावून पाहू नये, जबड्याच्या कडेला लावावा, आणि तोही दिवसाउजेडी. लावल्यावर अर्धा तास थांबावे, कारण हवा लागली की पुष्कळसे रंग एक पायरी काळे पडतात. डोळ्यांखालच्या निळसर काळोखीवर पांढरे थापू नये, आधी नारिंगीचा पुसट हात द्यावा. हे सारे ज्ञान त्या वहीत आहे. ‘एप्रिल, दुपारी दोन, मांडवात पंखा नाही, पाऊण तासात तडे’ अशी उद्गारचिन्हे मनातल्या मनात असलेली नोंदही आहे.

डब्यांवरची नावे सगळी इंग्रजी. हस्तिदंत, मध, बदाम असल्या अर्थांची. आमच्याकडे हस्तिदंत कोणी पाहिलेला नाही. म्हणून मी आपली नावे ठेवली: बाजरीची भाकरी, जुना गूळ, तुरीची साल, भाजलेले तीळ, ओली चिंच. मुलींना ती फार आवडतात. “मॅडम, मी गूळ का तीळ?” असे त्या वर्गाबाहेर विचारतात, आणि व्याकरणाच्या तासाला कधी नसते ती उत्सुकता त्यांच्या तोंडावर असते.

या नामकरणात एक गंमत, खरे म्हणजे एक खंत, माझ्या ध्यानात आली. आपल्या भाषेत कातडीच्या रंगाला शब्द पुष्कळ आहेत: गोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. पण ‘निमगोरी’ हा शब्द पाहा. निम्मी गोरी! म्हणजे मोजायचे ते गोरेपणापासूनच. ‘उजळ’ हाही त्यातलाच. विठ्ठलाच्या सावळेपणावर संतांनी जीव ओवाळून टाकला. पण त्याच रंगाची मुलगी दाखवायची वेळ आली की आपण ‘तशी नाकीडोळी नीटस आहे’ म्हणून विषय बदलतो.

बाजाराने ही खंत फार लवकर ओळखली. 1952 साली टाटांनी ‘लॅक्मे’ काढली. एका फ्रेंच संगीतिकेतल्या नायिकेचे हे नाव, म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार. त्यानंतर 1975 साली हिंदुस्थान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’ आली. गोरी आणि म्हणून गोड, असा नावातच निकाल! 2020 साली त्या नावातला गोरेपणा काढून टाकण्यात आला आणि ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले. आमच्या आठवडी बाजारातल्या गिऱ्हाइकाची मागणी मात्र तीच राहिली.

रंगाचे खरे सामर्थ्य पाहायचे तर ते विक्रम गायकवाडांच्या हातात पाहावे. 2011 सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात त्यांनी सुबोध भाव्यांची गंधर्वांची भामिनी करून दाखवली, आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. 2025 मध्ये ते गेले. त्यांचे काम मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले आहे. पुरुषाच्या चेहऱ्यातून बाई बाहेर येते, पण चेहरा पुसला जात नाही.

गेल्या हिवाळ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी माझ्याकडे आली. उसाच्या फडात आईबापांबरोबर वाढलेली, भाजलेल्या तिळाच्या रंगाची. वैशाखातले लग्न ठरले होते. महिन्याभरात तिचा चेहरा विलक्षण पांढुरका झाला होता. गळा मात्र तोच. मी डबी मागितली. डबीवर सुंदर बाईचे चित्र होते. करणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, आत काय आहे त्याचा एक शब्द नाही. माझ्या पोटात गोळा आला. अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडे अशाच मलमाने बिघडल्याची बातमी 2023 साली आली होती. पारा कातडीला रंग धरू देत नाही, म्हणून माणूस गोरा दिसतो. पण तोच पारा कातडीतून आत शिरून मूत्रपिंडात साठतो. सौंदर्यप्रसाधनात तो मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही.

मी तिच्या आईला बोलावून हे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“खरं असंल, मॅडम. पण पाव्हण्यांनी रंगावर बोट ठेवलं न् पन्नास हजार वाढवले. ते मलम दोनशेला येतं. तुमीच सांगा, कोणतं महाग?”

हुंडा कायद्याने गुन्हा आहे, हे मी म्हणाले. ते तिलाही ठाऊक होते. मग मी कायदा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मावशी, डबी मला द्या. लग्नाच्या दिवशी पोरीचं तोंड मी करीन, एक पैसा घेणार नाही. आणि उद्या बीडला जाऊन तिची लघवी, रक्त तपासून आणू.” बराच वेळ गेला. डबी मिळाली. तपासणी सुदैवाने ठीक निघाली. आणखी तीन महिने चालले असते तर काय निघते, देव जाणे.

लग्नापर्यंत चेहरा पुष्कळसा मूळ रंगावर आला होता. मी तीळ आणि गूळ मिसळून लावले, डोळ्यांत काजळ घातले, भुवया जशाच्या तशा ठेवल्या. पांढरी पावडर टाळली. कॅमेऱ्याच्या झोताखाली ती पिठासारखी उठून दिसते. वराकडची एक आत्या कुरकुरली, “फोटोत अंधार दिसंल.” मुलीने आरशात पाहिले, एकदा गळ्याला हात लावला, एकदा गालाला, आणि म्हणाली, “मॅडम, मीच हाय की!”

पन्नास हजार काही कमी झाले नाहीत.

पंधरा दिवसांनी फोटो दाखवायला आई घरी आली. धाकटी सोबत होती. फोटो पाहून झाल्यावर धाकटीला पुढे ढकलून ती म्हणाली, “ही थोरलीपरीस उजळ हाय. हिला कोणता लागंल?”

मी धाकटीला खिडकीपाशी उजेडात उभे केले आणि वही उघडली. ती तुरीची साल निघाली.