पदक कोणाला?
अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली वीरकथांचा साचा मांडला. नायक घर सोडतो, गुरू भेटतो, कसोटीला उतरतो, लोकांसाठी काही मिळवून परततो. बुद्धचरित्राचाही दाखला त्यात आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला शेतावरचा पोरगा ल्यूक या साच्यात नेमका बसतो. पण शेवटी पदके ल्यूक आणि हान सोलो या दोघांनाच! बरोबरीने झुंजलेला केसाळ च्युबाका शेजारी रिकाम्या गळ्याने उभा. आम्हा नाशिककरांची नजर तिथेच अडते. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरापुढे हजारो स्त्री-पुरुष उभे राहिले. त्यांतली किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? मुलांना सिनेमा जरूर दाखवा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्यातले कोण तिथे होते? ते नाव वहीत लिहून ठेवा.