अस्वलाची मिशी

ससा काढून झाला की डोळ्यावर तीन पापण्या ओढायच्या, कपाळावर टिकली ठेवायची. झाली सशाची बायको. पस्तीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली, त्यात ही युक्ती शेकडो वेळा वापरली असेल. नर काढायला वेगळं काहीच लागत नसे. नुसता ससा म्हणजे नरच.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक गाजलं. त्यात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, एक पुरुष कपड्यांना इस्त्री करतोय. बातम्या झाल्या, आमच्या कट्ट्यावर चेष्टा झाली आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. चित्र म्हणजे काय सरकारी परिपत्रक आहे? पोरं गोष्ट बघतात, झाडू कोणाच्या हातात ते मोजत बसत नाहीत, असं माझं म्हणणं. शिवाय हुकमी उत्तर तयार होतं: भाषाच तशी आहे. हत्ती तो, वाघ तो, उंट तो. मुंगी ती, चिमणी ती, खार ती. त्याला चित्रकार काय करणार?

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, म्हणून मूळ चित्रं माळ्यावरून काढली. साडेचार वर्षांची नात शेजारी. अस्वलावर बोट ठेवून म्हणाली, "हा दुकानवाला काका."

"हा नाही, हे. ते अस्वल," मी म्हटलं. व्याकरण सुधारायची खोड.

"पण त्याला मिशी आहे ना, आजोबा."

मिशी माझी होती. लेखिकेच्या मजकुरात नुसतं 'अस्वल' होतं. नात झोपल्यावर मी बाकीची पानं पाहिली. कासव ते; मी त्याला चष्मा आणि काठी देऊन आजोबा केलेलं. माकड ते, त्याला हाफचड्डी चढवून व्रात्य कार्टं. हरीणही ते, पण त्याला मात्र पापण्या, कारण गोष्टीत ते घाबरणार होतं. भाषेने जागा मोकळी सोडली होती, ती मी भरली होती. आणि भाषेत घार होती, म्हैस होती, सुसर होती. त्यांतली एकही माझ्या मुखपृष्ठावर कधी आली नाही.

भोपळ्यातली म्हातारी तर सगळ्यांत वाईट. जंगलातून एकटी लेकीकडे जाणारी, वाघाला बोलण्यात गुंडाळणारी बाई ती. मी तिचे डोळे भेदरलेले काढलेत. वाघ अर्धं पान खाऊन बसलाय.

अमेरिकेतले रिचर्ड स्कॅरी हे माझं जुनं दैवत. त्यांच्या १९६३ च्या शब्दांच्या पुस्तकात ससेआईच रांधायची. नंतरच्या आवृत्तीत ससेबाबाही स्वयंपाकाला लागले. कोणीतरी गळा धरला असणार, असं तेव्हा मी बोलून दाखवलं होतं. चूक माझी. चित्र बदलतं तशी पापणीही कोणीतरी ठरवूनच काढलेली असते, हे मला साठीत कळलं. बालभारतीतलं ते भाजी निवडणं मात्र आजही मला फोटोसाठी बसल्यासारखं वाटतं. तेवढी कुरकुर शिल्लक आहे.

म्हातारी नव्याने काढली, ताठ मानेची. हरणाच्या पापण्या खरवडल्या. अस्वलाच्या मिशीवर तपकिरी रंगाचा हात मारला, वाळू दिला आणि नातीला दाखवलं.

तिने नीट निरखून पाहिलं. "काकाने मिशी काढली," म्हणाली.