वार पुढे होती

तिसरा महिना सरला आणि ओकाऱ्या थांबल्या. फोडणीचा वास पुन्हा सोसायला लागला. एकदा शाळेतून येताना इतकी भूक लागली की सातारा स्टँडवर उभ्याउभ्याच दोन वडापाव खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, "आता तुझे सुखाचे महिने. पोटभर खा, जरा फिर." त्यांचं खरंच होतं. चौथा, पाचवा, सहावा या महिन्यांत अंगात बळ येतं. पण याच दिवसांत किती वाट बघावी लागते, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाट बाळ फिरण्याची. गल्लीतली प्रत्येक बाई विचारायची, "फिरलं का गं?" पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत पहिली हालचाल कळते, दुसऱ्या खेपेला त्याआधीही. जाऊबाईंना साडेचार महिन्यांतच कळली होती. मी रोज रात्री डाव्या कुशीवर होऊन पोटावर हात ठेवायची. आत कुठे गुडगुडलं की श्वास रोखून धरायची. तो गॅस असायचा. विसावा आठवडा आला, पोट बेंबीपर्यंत वर आलं, तरी आतून काही नाही. घरात बोलले नाही, पण रात्री झोप लागायची नाही.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला गेलो. गर्भलिंग निदान केलं जात नाही, अशी पाटी दारातच होती. आत फॉर्मवर सही केली, की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. १९९४ च्या कायद्याने ती सही घेतात. मी ती मनापासून केली. मला फक्त बाळ ठीक आहे का एवढंच हवं होतं. मॅडमनी एकेक अवयव पाहिला. हृदयाचे चार कप्पे, दोन्ही मूत्रपिंडं, वरचा ओठ. कण्याचे मणके जोंधळ्याच्या दाण्यांसारखे ओळीने लागलेले दिसले. आणि बाळ हातपाय झाडत होतं. पडद्यावर धडधडीत दिसत होतं आणि माझ्या पोटात काहीच कळत नव्हतं. मला रडू फुटलं.

"अहो, तुमची वार पुढच्या बाजूला आहे," मॅडम म्हणाल्या. "बाळ आणि पोट यांच्यामध्ये गादी असल्यासारखं झालंय. लाथा त्या गादीवर बसतात. तुम्हाला थोडं उशिरा कळेल, त्यात दोष काही नाही." एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं, तर माझ्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी सुरू होती. पण महिन्याभराने रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.८ च्या ९.८. मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेत होते, तीही सकाळच्या चहासोबत. चहाने लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमही त्याला आडवं येतं. ज्या दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, तिथे कुणी हे बोललं नव्हतं. आमच्या आशाताईंनी दारात उभं राहूनच समजावलं: "कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. लोहाची रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. शौचाला काळं होईल, घाबरू नका." पुढच्या तपासणीत १०.४ आलं. रात्री पोटरीत वांब यायचे, ते मात्र राहिलेच. पाय ताणून पंजा आपल्याकडे ओढला की सुटायचे.

बाळ फिरलं ते बाविसाव्या आठवड्यात. तिसरीच्या वर्गात शुद्धलेखन सांगत होते. खाली ओटीपोटात, डावीकडे, पापणी फडफडावी तसं काहीतरी झालं. मी वाक्य अर्धंच सोडलं. मुलं पेन्सिली वर धरून माझ्याकडे बघत राहिली. दोन मिनिटांनी पुन्हा तिथेच. मग उरलेलं शुद्धलेखन मी खुर्चीत बसून, एक हात पोटावर ठेवून पूर्ण केलं. ह्यांना बाहेरून हाताला कळायला आणखी तीन आठवडे लागले. रोज रात्री हात ठेवून बसायचे बिचारे.

सव्विसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं आणि दोन तास बसून रक्त द्यायचं. लॅबच्या बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती, बाविशीची असेल, पाचवा संपत आलेला. माझा हात पोटावर हलताना पाहून हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला कळतं का हो आतून? मला अजून काहीच नाही."

"सोनोग्राफीचा कागद आहे का जवळ?"

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. आम्ही दोघी ओळींवर बोट ठेवून वाचत गेलो. ठोके १४६, पाणी पुरेसं, आणि त्याच्याखाली लिहिलेलं, प्लासेंटा अँटेरियर.

"हे बघ," मी म्हटलं, "वार पुढे आहे तुझी. आज मॅडमना भेटशील तेव्हा हे त्यांनाही विचारून घे."

ती ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली.