एकपेशीय कॉन्ट्रॅक्टर

मित्रहो, आपल्या सिव्हिलच्या लाइनमधला एक फार जुना कॉन्ट्रॅक्टर सांगतो. ना त्याला डोकं, ना हात, ना टेंडर. अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी! नाव मात्र व्हायवाला एक्स्टर्नलनं विचारलं तर दांडी उडावी असं : क्विन्क्वेलॉक्युलिना.

उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी हा जीव राहतो. आकार बहुधा मिलिमीटरहूनही कमी. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःभोवती चिनी मातीसारखं पांढरं कवच बांधतो. वाढला की एक खोली जोडतो, आणखी वाढला की दुसरी. बाहेरून पाच खोल्या दिसतात, म्हणून हे नाव. चाळीत गॅलरी बंद करून खोली वाढवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

जीव मेला की कवच वाळूत जमा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा जीवांच्या कवचांची आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू साचली, चुन्यानं सांधली गेली आणि तिचा दगड झाला. तोच आपला पोरबंदरी दगड. मुंबईत नोकरीला असलेले सर्जन डॉ. हेन्री कार्टर यांनी १८४९ साली त्याला 'मिलिओलाइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'मिलियम' म्हणजे वरीसारखं बारीक धान्य. मुंबईचा स्वतःचा दगड काळा बसाल्ट. हा फिकट बदामी पाहुणा काठियावाडचा. फोर्टातल्या जुन्या सचिवालयाच्या (१८७४) दर्शनी भागाला तोच आहे.

आमचे अण्णा इमारत-दुरुस्तीच्या कामावर मुकादम. राहायला लालबाग, शिक्षण सातवी. मी बारावीला असताना फोर्टातल्या एका जुन्या इमारतीची भिंत ॲसिडनं धुऊन वर सिमेंट मारायचं फर्मान निघालं. अण्णा म्हणाले, "साहेब, हा चुन्याचा दगड. ॲसिडनं मळ नाही, दगडच जाईल. सिमेंटनं ओल आत कोंडेल आणि पापुद्रे सुटतील." साहेबांना बिल काढायची घाई. अण्णांनी डबा उचलला आणि घरी आले. पुढचे तीन महिने घर आईच्या पोळीभाजीच्या डब्यांवर चाललं. माझी ॲडमिशन फी आत्यानं भरली.

सेकंड इयरला जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला याच दगडाच्या तुकड्यावर डायल्यूट ॲसिडचा थेंब टाकला. फस्स करून बुडबुडे आले. जर्नलमध्ये 'कॅल्शियम कार्बोनेट' लिहिलं, सही घेतली आणि हॉस्टेलवरून घरी फोन लावला. "अण्णा, बुडबुडे आले!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "येणारच. आम्हाला ते भिंतीनंच सांगितलं होतं."

दोस्तांनो, दोन-चार वर्षांत आपणही हेल्मेट घालून साइटवर 'साहेब' होणार. तेव्हा एखादा मुकादम "साहेब, जरा थांबा" म्हणाला, तर पाच मिनिटं खरंच थांबा. आणि सबमिशन संपलं की दादरहून लोकल पकडून फोर्टात जा. खिशात एक भिंग असू द्या. पोरबंदरी दगडाची भिंत दिसली की जवळून बघा, पण हात लावताना जपून. आत पुष्कळांची घरं आहेत.