आ, का, सा, ता, ना

माझी आजी निरक्षर होती. पण त्यावाचून तिचे काही अडते असे आम्हां नातवंडांना कधी दिसले नाही. नोटा ती रंगावरून ओळखी, औषधाच्या बाटल्या बुचांवरून ओळखी, आणि आलेले कार्ड कोणाचे हे अक्षराच्या वळणावरून सांगे. आतला मजकूर मात्र मी वाचून दाखवायचा. "पुढं काय लिहिलंय रे?" असे विचारताना तिच्या चेहऱ्यावर जो एक लाचार उत्सुकतेचा भाव येई, तो मी पुढे कित्येक वर्षे विसरून गेलो होतो. २००५ साली तोक्योत निशी-कासाई भागात आम्ही राहत होतो, तेव्हा तो भाव थेट माझ्याच चेहऱ्यावर येऊन बसला. त्याला कारण झाले एक तळहाताएवढे यंत्र.

यंत्राचे नाव झाउरस. शार्प कंपनीने १९९३ साली या नावाची पहिली डायरी बाजारात आणली. नातेवाइकांचे पत्ते, फोन नंबर, भेटीच्या वेळा, टिपणे, सारे काही या डायरीत ठेवायचे आणि ती खिशात घालून हिंडायचे. आज हे काम टेलिफोनच करतो, त्यामुळे अशी एक निराळी वस्तू माणसे हौसेने विकत घेत असत, हे मुलांना समजावून सांगावे लागते. माझे यंत्र पुढच्या पिढीतले. पावणेचार इंचांचा पडदा, तोही असा सुबक की उलटा फिरवून मिटला म्हणजे पाटी होई आणि उघडला म्हणजे चिमुकला टंकलेखक. सोबत प्लास्टिकची बारीक लेखणी. याच घराण्यातल्या एका भावंडात तर २००४ च्या नोव्हेंबरात चार गिगाबाइटची हार्ड डिस्क बसवली होती. आता एवढी जागा कोणी फुकटही घेणार नाही, पण तेव्हा आम्ही ते ऐकून तोंडात बोट घातले होते!

शार्प हे नावच मुळी पेन्सिलीचे. तोकुजी हायाकावा या कारागिराने १९१५ च्या सुमारास फिरवून शिसे पुढे सरकवण्याची धातूची पेन्सिल काढली. १९२३ च्या भूकंपात त्याची बायको, मुले आणि कारखाना, सारे गेले. त्याने ओसाकाला जाऊन नव्याने सुरुवात केली. पेन्सिलवाल्याच्या घराण्याने पुढे वहीही करावी हे मला फार शोभून दिसले.

अडचण एकच होती. ही मालिका जपानातच विकली जाई, आणि ती नखशिखान्त जपानी होती. कळफलकावर इंग्रजी अक्षरे होती खरी, पण पडद्यावर जे जे उमटे ते जपानी. इंग्रजी भाषेवर माझे पोट चाललेले. जगात कुठेही इंग्रजीचे बोट धरून उभे राहता येते अशी माझी समजूत, नव्हे, आमच्या सबंध पिढीची श्रद्धाच. यंत्रात एक इंग्रजी-जपानी शब्दकोशही होता. इंग्रजी शब्द घातला की तो त्याचा अर्थ मोठ्या तत्परतेने सांगे, मात्र जपानीत! पाणी मागावे आणि विहिरीचा पत्ता मिळावा, त्यातला प्रकार.

मग मी आजीच्या वाटेने गेलो. चित्रावरून आणि जागेवरून ओळखू लागलो. डाव्या कोपऱ्यातले दाबले की मागे जाता येते, तिसरे दाबले की नवे पान उघडते, असा संसार सुरू झाला. पहिली ओळख पटली ती कॅलेंडराशी. सात वारांची सात चित्राक्षरे: चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, सोने, माती, सूर्य. आमची सात वर्षांची मुलगी तिथल्या शाळेत पहिलीत होती आणि ही सातही अक्षरे तिला येत होती. पहिलीच्या ऐंशी अक्षरांतच ती असतात. "अग्नीचा म्हणजे कुठला वार गं?" मी विचारले. "मंगळवार. मंगळाच्या ग्रहाला आगीचा तारा म्हणतात ना, बाबा!" मी चमकलो. पाण्याचा ग्रह बुध, लाकडाचा गुरू, सोन्याचा शुक्र, मातीचा शनी. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी. आमचेच वार आमच्याच क्रमाने समोर बसले होते. ग्रहवारांचे हे ज्ञान सांगणारा ग्रंथ कूकाई नावाच्या भिक्षूने चीनहून ८०६ साली जपानात नेला, हे मला मागाहून कळले. इंग्रजी 'ट्यूसडे'त मंगळ कुठे आहे ते शोधायला कोश उघडावा लागतो. इथे तो उघड्यावर जळत होता.

पण एका रात्री यंत्राने मला घाम फोडला. वडिलांची जुनी डायरी वाळवीने खाल्ली होती. तिच्यातली वाचता येतील तेवढी नावे नि पत्ते मी या यंत्रात उतरवून घेतले होते. कोकणातले चुलते, वडिलांचे शाळासोबती, आणि वडिलांच्या मागे ज्यांचा ठावठिकाणा आता दुसऱ्या कोणाजवळ नव्हता अशी माणसे. दोनशेच्या वर नावे. पत्ते चाळत असताना एकाएकी मध्येच एक चौकट उभी राहिली. एक ओळ, आणि तिच्याखाली दोन बटणे. मी मुलीला हाक मारली. ती झोपेतून उठून आली आणि पडद्यावर नाक टेकवून वाचू लागली.

"शेवटी 'करू का?' असं लिहिलंय. खाली 'हो' आणि 'नाही'."

"पण काय करू का?"

"ती दोन अक्षरं अजून आम्हांला शिकवली नाहीत," असे म्हणून ती झोपायला निघून गेली.

जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखे शेवटी येते. त्यामुळे प्रश्न समजला, विषय तेवढा राहिला! "पुढं काय लिहिलंय रे?" म्हणणारी आजी मला त्या रात्री समोर दिसली. कशालाही हात न लावता ते यंत्र मी तसेच ठेवले आणि सकाळी हृदयरोग्याला न्यावे तसे कचेरीत नेले. शेजारच्या टेबलावर एक वयस्क जपानी गृहस्थ बसत. त्यांनी चष्मा वर केला, वाचले आणि शांतपणे म्हणाले, "पुसून टाकू का, असे विचारते आहे." मी 'नाही' दाबले तेव्हा माझे बोट थरथरत होते.

त्या भल्या माणसाने मला दुपारच्या सुट्टीत कागदावर दोन शब्द काढून दाखवले. पुसण्याच्या शब्दात पहिल्या अक्षराच्या उजव्या अंगाला दोन उभ्या रेघा असतात. ती सुरी. आणि जपून ठेवण्याच्या शब्दात? पहिल्या अक्षरात पाठीशी मूल घेतलेला माणूस आहे, आणि दुसऱ्याच्या पोटातही मूल आहे. "सुरी दिसली की थांबा. मूल दिसले की खुशाल दाबा." इतके नेमके शिक्षण मला कोणत्याही शाळेने दिले नव्हते.

आमच्याच कचेरीत लंडनचा एक तरुण होता. त्याच्याकडेही हेच यंत्र होते. या यंत्रात आतून लिनक्स असल्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी त्याचे इंग्रजी रूप करण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या. परदेशी गिऱ्हाइकांना ते बदलून विकणारे व्यापारीही होते. त्या तरुणाने काही आज्ञा टंकून आपले यंत्र अर्ध्या तासात इंग्रजी केले. अगदी सगळे नव्हे. पाच पाट्या इंग्रजी आणि सहावी जपानी, असा कोट-धोतराचा वेष झाला होता. "तुझेही करून देतो," तो म्हणाला. मी हो म्हणणारच होतो. पण त्याच आठवड्यात पत्त्यांच्या पानावर माझी नजर ठरली.

पत्त्यांच्या कडेला नावे लवकर सापडावीत म्हणून दहा खण असतात. मुलगी ते शाळेतल्या चालीवर म्हणत होती: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. पहिल्या खणातले स्वर म्हण म्हटले, तर आ, इ, उ, ए, ओ. मी उठून बसलो. ही तर आपली वर्णमाला! क-वर्गाचा का, त-वर्गाचा ता आणि त्याच्या शेवटचा ना, प-वर्गाच्या शेवटचा मा, मग य, र, व. च-वर्गाच्या जागी सा आणि प-वर्गाच्या जागी हा का, हे कोडे होते. ते भाषापंडित सोडवतात: जपानी भाषेचा 'हा' पूर्वी 'पा' होता आणि 'सा'चा उच्चार 'च'च्या जवळचा असावा. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी आपली सिद्धम् लिपी शिकत. त्यांच्याबरोबर हा क्रम तिथे रुजला. ७३६ साली बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू तिथे पोहोचला होता, आणि ७५२ साली नाराच्या महाबुद्धाचे डोळे त्याच्याच हातून उघडले गेले. तिथल्या स्मशानात लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे अजून लिहितात.

आमच्या मुलीला मराठी अक्षरे शिकवण्याचा माझा आणि सौभाग्यवतींचा दोन वर्षांचा खटाटोप पार फसलेला होता. पुण्याहून आणवलेली अंकलिपी तिने गादीखाली दडवली होती. "शाळेत दोन लिप्या आणि चित्रं आहेत. ही चौथी कशाला?" या तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आता मी तिला यंत्रासमोर बसवले आणि आमची माणसे त्यांच्या त्यांच्या खणांतून शोधायला सांगितले. गोखले 'का'त सापडले; ग तिथे का-वरच दोन टिंबे देऊन लिहितात. दामले 'ता'त. बापट 'हा'त, कारण हा-ला टिंबे दिली की बा होतो. लेले मात्र 'रा'च्या खणात 'रेरे' होऊन बसलेले पाहून ती पोट धरधरून हसली. जोशी कुठे असतील? तिने 'सा' उघडला आणि ते तिथे होते. "ज हा स-च्या घरात कसा?" तिने विचारले. मी अंकलिपी गादीखालून काढली आणि च, छ, ज, झ ही ओळ दाखवली.

पंधरा दिवसांत ती ओळी म्हणू लागली, महिन्याभरात लिहू लागली. लंडनच्या तरुणाला मी यंत्र दिले नाही. त्याच्या पडद्यावर कडेला ए, बी, सी असे खण आले होते, आणि त्यात गोखले एका टोकाला नि कुलकर्णी दुसऱ्या.

अंकलिपी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी ती शेवटच्या ओळीवर अडली. यंत्र हातात घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, ळ-चा खण कुठाय?"

"त्यांच्याकडे ळ नाही, बाळ."

"मग ळ-वरून नाव असलेली माणसं कुठं ठेवायची?"

मी विचार करू लागलो. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, ळ-वरून कोणाचंच नाव सुरू होत नाही."

तिने दोनशे नावे एकेक करून तपासली, आणि मगच यंत्र मिटले.