उतारा

डमडमला विमानांचा आवाज अंगवळणी पडायला एक आठवडा पुरतो. त्यानंतर आसपासचा परिसर दिसू लागतो, आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था अवघ्या काही मैलांवर, बरानगरला आहे, हे ध्यानात येते. साहित्याच्या अतिथी प्राध्यापकाचे तेथे काय काम, असे माझ्या सहकाऱ्यांनी विचारले. महालनोबिस हे रवींद्रनाथांच्या निकटवर्ती मंडळींपैकी, विश्वभारतीचे चिटणीस, एवढे कारण त्यांना पुरले असते. माझे कारण निराळे होते. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. आणि शेतातल्या पिकाची मोजणी कशी करावी यावरून महालनोबिसांशी ज्यांचा वाद झाला, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे आमच्याच तालुक्यातल्या बुध गावचे.

हा वाद संख्याशास्त्रज्ञांनी आपसांत मिटवावा असा वरकरणी वाटतो. मला मात्र त्यात दोन प्रांतांच्या दोन जमीनव्यवस्था, आणि म्हणून शेताकडे पाहण्याच्या दोन रीती, समोरासमोर उभ्या दिसतात.

आमच्या आजोबांच्या तोंडी 'आणेवारी' हा शब्द आला की घरात शांतता पसरे. सोळा आणे म्हणजे पुरे पीक. त्या मानाने यंदा किती आणे, हे अधिकाऱ्याने उभ्या पिकाकडे पाहून ठरवायचे. चार आणे किंवा त्याहून कमी ठरले तर सारा तहकूब, सहापर्यंत निम्मा. १९१८ चा खेडा सत्याग्रह मुळात या आकड्यावरचा तंटा होता: तेच शेत रयतेने चार आण्यांच्या आत वाचले, सरकारने चारच्या वर. पुढे आण्याचे नाणे व्यवहारातून गेले, 'पैसेवारी' आली, आणि पन्नास पैशांची रेघ दुष्काळ ठरवू लागली. नजर मात्र राहिली. या नजरेला निदान वहीचा आधार होता. रयतवारी मुलखात गावोगाव कुलकर्णी, मागाहून तलाठी, आणि त्याच्या दप्तरात कोणत्या शेतात काय पेरले याची नोंद.

बंगालमध्ये हे नव्हते. १७९३ च्या कायमधाऱ्याने सारा एकदाच ठरवून टाकला. मग पेरले काय आणि पिकले किती, याची सरकारला दरवर्षी चौकशी करण्याचे कारण उरले नाही. बंगाली कथांतला नायब हा जमीनदाराचा माणूस. आमचा कुलकर्णी कितीही लबाड असो, तो ठेवी ती वही सरकारी. माझ्या एका सहकाऱ्याला हा भेद समजावून देता देता माझ्याच लक्षात आले की महालनोबिसांची थोरवी या रिकाम्या दप्तरातून उगवली आहे. १९३७ पासून त्यांनी तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी सुरू केली. वही नाही, तेव्हा नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठिकाणे निवडायची आणि तेथे माणसे धाडायची. एकाच मुलखात दोन तुकड्या परस्परांना न सांगता पाठवून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते. एकाच ग्रंथाची दोन स्वतंत्र भाषांतरे शेजारी ठेवल्यावर जे कळते, तेच येथे कळते.

पण ताग आधी मोजला गेला आणि भात त्याच्यामागून. तागाच्या अंदाजावर हुगळीकाठच्या गिरण्यांचे आणि निर्यातीचे सौदे अवलंबून होते. १९४३ मध्ये भातावर माणसे अवलंबून होती, आणि भाताचे आकडे चौकीदारापासून वर चढत गेलेल्या अंदाजांचे होते. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे गेली असे मानतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात, त्या वर्षीचे धान्य मागील पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्के कमी होते, असा हिशेब मांडला. त्यांच्या टीकाकारांनी त्या आकड्यांवरच शंका घेतली. एवढे मृत्यू झाले, आणि शेतात किती पिकले होते याविषयी विद्वानांचे आजही एकमत नाही.

ही विद्या विलायतेहून आली असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, आणि तेथेच रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगरचनेचे शास्त्र उभारले, हे खरे. पण त्याआधी, १९२३ ते १९२५ या काळात, हबक नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे यादृच्छिक नमुने कापले होते, आणि त्या कामाचा आपल्यावर परिणाम झाल्याचे फिशर यांनीच मान्य केले.

आता सुखात्मे. लंडनची पदवी घेऊन ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. महालनोबिसांची माणसे शेतात लहान वर्तुळे आखून पीक कापीत. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये आक्षेप घेतला: परिघावर येणारी रोपे आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत त्यांना आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड लांब. म्हणून उतारा खऱ्याहून फुगतो. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे अर्धा फूट कड पडते. तेहेतीस फूट बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्यात ती पाचव्या हिश्शाहूनही कमी. महालनोबिसांचा भर खास शिकवून तयार केलेल्या पाहणीकारांवर होता. सुखात्म्यांना हे काम गावातल्या नेहमीच्या महसुली आणि शेतकी नोकरांकडूनच करून घ्यायचे होते. एकाच्या मागे रिकामे दप्तर होते, दुसऱ्याच्या मागे तलाठी. तेहेतीस बाय साडेसोळा म्हणजे आपला अर्धा गुंठा, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

उतारा हा शब्द मी वर सहज वापरला. एकरी उतारा, सात-बाराचा उतारा आणि पाठ्यपुस्तकातला गद्य उतारा, तिन्हींना मराठीत एकच शब्द आहे. आपण तुलनाकार एखाद्या भाषेच्या चार भाषांतरित कादंबऱ्यांवरून तिच्या साहित्याविषयी बोलतो, तेव्हा कडेवरची रोपे आपणही आत ओढतोच.

ब्रिटनमध्ये १८६६ पासून शेतकरी आपल्या पिकांचे विवरण स्वतः भरून देतो. तेथल्या शेतातला पीकबदल त्यामुळे लवकर दिसतो. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडखाली २०१२ मध्ये सात लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. बियाण्याला लावायच्या कीटकनाशकांवर २०१३ मध्ये निर्बंध आले, भुंगेरे माजले, आणि २०२१ मध्ये ते क्षेत्र निम्म्याहूनही खाली गेले. आता तर कापणीयंत्रच चालता चालता शेताच्या कोणत्या कोपऱ्यात किती गहू निघाला याचा नकाशा काढते. नजरेचा प्रश्न सुटला. नकाशा शेतकऱ्याचा की यंत्र विकणाऱ्याचा, हा नवा प्रश्न उभा राहिला.

आमच्याकडे २०२१ पासून शेतकरी मोबाइलवर छायाचित्र काढून आपले पीक सात-बारावर स्वतः नोंदवतो. माझा चुलतभाऊ पूर्वीच्या ज्वारीच्या रानात आता सोयाबीन घेतो. त्याचीही नोंद अशीच झाली. २०१६ पासूनच्या पीकविम्यात मात्र भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर, आणि तो तुकडा दहा मीटर बाय पाच मीटरचा असतो; म्हणजे अर्धा गुंठाच. गेल्या पावसाळ्यात चुलतभावाच्या रानात पाणी साठून शेंगा कुजल्या, आणि प्रयोगाचा तुकडा आला माळावरच्या दुसऱ्याच्या शेतात. सरासरी बरी निघाली. फोनवर त्याने मला विचारले, "दादा, तू तिकडं आकडेवाल्यांच्या गावात आहेस ना? तर विचार त्यांना, माझ्या रानाचा उतारा दुसऱ्याच्या रानात कसा काय निघतो?" मी त्याला यादृच्छिक निवड समजावून सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "बरं, पण पैसे कुणाच्या रानाचे येणार?"