मागीलदारचा दिवा

काल सांजावता मागीलदारी नवा दिवा लागला आणि मी विहिरीपर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले! "पुरे गो आता," आई पायरीवरून म्हणाली. पण दोन दिवसांत मला जे कळलंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

वायरमनकाकांनी आल्या आल्या पडवीतल्या जुन्या दिव्याचं बटण बंद केलं, बल्ब काढला आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! बटण बंद असताना! "ताई, बटण न्यूट्रलवर बसवलंय. दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत येऊन उभी असते." वाट फेजकडून तोडा नाहीतर न्यूट्रलकडून, दिवा विझणारच, पण हात लावणाऱ्याचं मरण-जगणं त्या फरकावर! दर दिवाळीला स्टुलावर चढून मी तोच होल्डर पुसत आलेय.

काकांनी आधी ती चूक सुधारली. त्यासाठी त्या लाइनचा एमसीबी पाडला, टेस्टर स्वयंपाकघरातल्या चालू सॉकेटला लावून पाहिला, मग तारांना, मग पुन्हा त्या सॉकेटला. टेस्टरच बिघडला असेल तर? म्हणून दोनदा खात्री! मला हे फार म्हणजे फार आवडलं.

मग नव्या दिव्यासाठी दीड स्क्वेअर एमएमच्या तीन तारा पाइपातून ओवल्या. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. दिव्याची बॉडी धातूची, म्हणून हिरवी हवीच. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलं. आणि बाहेरची केबल सरळ दिव्यात न नेता आधी खाली झोका देऊन मग वर घेतली, का, तर पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं आणि झोक्याच्या तळाशी टपकून जातं, दिव्यात शिरतच नाही. अगदी पागोळीसारखं! दिव्यावर आयपी 65 लिहिलेलं. 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही, 5 म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. कोकणातल्या तिरक्या पावसाला असाच हवा.

पण खरी कमाल काकांनी बसवलेल्या आरसीसीबीची! एमसीबी आहे ना, मग हे कशाला, असं मी विचारलं. काका म्हणाले, दिव्यांचा एमसीबी 6 अँपिअरचा, त्याहून जास्त करंट गेला तरच पडतो. माणसाच्या अंगातून 30 मिलिअँपिअर, म्हणजे त्याचा फक्त दोनशेवा भाग गेला, तर एमसीबीला पत्ताही लागत नाही, आणि माणसाच्या जिवाला तेवढा धोक्याचा. आरसीसीबी हिशेब ठेवतो. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. दोन्ही तारा एकाच कड्यातून जातात, येणं-जाणं सारखं असलं की कडं शांत. कुणाच्या ओल्या पायातून थोडा जमिनीत गेला की हिशेब चुकतो आणि टक! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वीज बंद. त्यावरचं टेस्टचं बटण मी स्वतः दाबलं. टक! सगळं घर अंधारात. मी टाळ्या वाजवल्या.

हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं; मी शिडी धरली आणि प्रश्न विचारले. आणि आज सकाळी काकांना पुन्हा फोन केलाय, शेजारच्या वहिनींच्या पडवीतला होल्डर बघायला. त्यांचं वायरिंग आमच्याच वेळचं आहे.